दगडाचा आकडा, भिंतीचा भरवसा

काळ्या दगडाची ताकद किती? फोनवर शोधलं की आकडा समोर येतो. घट्ट, बिनछिद्री बेसाल्ट चिरडायला दर चौरस मिलिमीटरला सहज १०० न्यूटनहून जास्त दाब लागतो. साध्या घराच्या काँक्रीटला २० ते २५ पुरतात. हिशेब केला, तर अशा दगडाचा सरळ खांब स्वतःच्याच वजनाने पायाशी चिरडायला साडेतीन किलोमीटर उंच असावा लागेल. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी उंची कमीच पडेल.

आणि तरीही ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत माणसाहून थोड्याच उंच भिंती कोसळल्या. सुमारे ८ हजार माणसं गेली. दगड तोच होता, दख्खनचा काळा बेसाल्ट. मग आकडा खोटा होता का?

नाही. आकडा खरा होता, पण तो दगडाचा होता. लोक राहत होते भिंतीच्या आधाराने. त्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. डोक्यावर धाब्याच्या मातीचा बोजा. जमीन हलली तेव्हा दगड चिरडले गेले नाहीत, ते एकमेकांपासून सुटले. ताकद दगडात होती, पण घर टिकतं की पडतं हे दोन दगडांमधल्या जागेत ठरत होतं.

इथून प्रश्न स्थापत्यशास्त्रापुरता राहत नाही. आपण आकडा मागतो, तेव्हा नेमकं काय मागत असतो? माहिती, की जबाबदारीतून सुटका?

दगडाची चाचणी करणारे या बाबतीत आपल्यापेक्षा सावध असतात. इमारतीच्या दगडासाठी आयएस ११२१ हे भारतीय मानक आहे. त्यात नमुना कोरडाही तपासायचा आणि पाण्यात भिजवूनही. थरांना समांतर दाबूनही आणि आडवा दाबूनही. म्हणजे 'ताकद किती?' असं विचारलं की दगडच उलट विचारतो : ओला असताना की कोरडा? कुठल्या बाजूने? कुठल्या खाणीतला? कारण एकाच खाणीत वर सच्छिद्र, जाळीदार दगड निघतो आणि खाली घट्ट.

बरं, दहा नमुने तपासले तर दहा आकडे येतात. मग सरासरी धरायची? जाणकार इंजिनिअर तसं करत नाही. तो खालचा आकडा धरतो. असा, की शंभरातले फार तर पाच नमुने त्याच्याखाली जातील. त्यालाही पुन्हा सुरक्षिततेसाठी भागतो. हे भागणं मला गणितापेक्षा नीतीचं वाटतं. 'मला सगळं कळलेलं नाही, आणि माझ्या न कळण्याची किंमत दुसरा मोजेल' याची ती दखल आहे. सरासरी दगडाखाली कुणी झोपत नाही. माणूस झोपतो तो एका ठरावीक दगडाखाली.

कुणी म्हणेल, आकडे सोडा, जुन्या हातांवर विश्वास ठेवा. पाथरवट हातोडीने ठोकून सांगतो, दगड खणखणीत आहे की बद्द. ते ज्ञान खरंच आहे. पण किल्लारीत अनुभवही फसला. पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या जाड भिंती पाहून कुणालाही त्या भक्कमच वाटल्या असत्या. आणि आकड्यांचंही तेच झालं. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

दोष घर बांधणाऱ्यांवर टाकणं सोपं आहे, आणि अन्यायाचं. शेतातला दगड, पायाखालची माती; जे परवडलं त्यातून त्यांनी घर उभं केलं. आरपार दगड घालायचा तर लांब दगड काढायला मेहनत पडते, आणि गिलावा झाला की तो दिसतही नाही. न दिसणाऱ्या कामाची मजुरी कोण देणार? कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ हे मानक त्याच वर्षी, १९९३ साली आलं. भिंतीत आरपार दगड हवेत, घराभोवती सलग आडवा पट्टा हवा, असं त्यात सांगितलं आहे. पण छापलेलं ज्ञान गावातल्या गवंड्यापर्यंत पोचत नाही, तोवर ते कुणाचं असतं? ज्याला माहीत आहे त्याच्यावर ते पोचवण्याचं ओझंही येतं, असं मला वाटतं.

भूकंपानंतर अनेकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. त्यांच्या भीतीला कोण नावं ठेवणार? पण सिमेंट मिळालं म्हणून प्रश्न मिटत नाही. काँक्रीटचाही आकडा असतो, आणि त्यातही सळईची जोडणी आतच लपलेली असते.

म्हणून आकडा जरूर शोधावा. फक्त तो सापडल्यावर थांबू नये. आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : हा आकडा नेमका कशाचा आहे? आणि तो चुकला, तर खाली कोण झोपलेलं असेल?