वेळ कुणाच्या मालकीचा?

पश्चिमेचा माणूस घड्याळावर जगतो आणि भारतीय माणूस काळाला चक्र मानतो, म्हणून त्याला घाई नाही, असं विद्वान लिहितात. मित्रहो, मला या 'भारतीय माणसा'चा पत्ता पाहिजे. तो कोणत्या वस्तीत राहतो?

आमच्या सक्करदऱ्यात बुधवार बाजारात भाजी विकणारी बाई उजाडायच्या आधी घर सोडते. उशीर झाला की माल सुकतो, दिवस बुडतो. हीच बाई कागदासाठी कचेरीत गेली की साहेब म्हणतो, "काहून घाई करता बाई? उद्या या." तिची एक मजुरी गेली. साहेबाचं काय गेलं? देश एक, गाव एक, मग वेळेची किंमत दोन कशा?

महारकीत कामाचे तासच ठरलेले नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं. तो नसला तर घरच्यानं जायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं, ते या बेहिशेबी राबण्याविरुद्धही होतं. मजूर खातं सांभाळताना १९४६ साली बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं बिलही त्यांनीच मांडलं. माणसाचा तास मोजणं म्हणजे माणूस मोजणं.

उलट पुराणांचं माप बघा. एकटं कलियुगच ४,३२,००० वर्षांचं! त्यात आमच्या बापाचं आयुष्य कुठं दिसणार? या जन्मी सोसा, पुढच्या जन्मी बघू. चक्र फिरतं म्हणे, पण वरचा वरच राहतो अन् खालचा खालीच.

तथागत म्हणाले, सारं अनित्य आहे. म्हणजे जातही अनित्यच. पण ती आपोआप जाणार नाही, म्हणून त्यांनी अप्रमाद सांगितला. गाफील राहू नका.

नामांतराचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं! मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसं गेली. १९७९ साली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. तरी आम्हालाच सांगणं होतं, सबूर करा. स्वतः धरलेला धीर हा गुण आहे. दुसऱ्यावर लादलेला धीर ही चोरी आहे.

आता घरचं बोलू. आपले पुढारी सहाच्या सभेला आठला येतात. समोर दिवसभर राबून आलेल्या बाया, मांडीवर पेंगणारी लेकरं. त्यांचे दोन तास कुणी घेतले? त्या साहेबानं नाही, आपण. सहाची सभा सहालाच सुरू करा. पुढारी आला नसेल तर त्या बायांपैकी एकीला बोलू द्या.