दाबल्यावर की सोडल्यावर?

गृहस्थाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की त्याला आपली गाडी विकाविशी वाटते. ही वेळ सहसा गाडीतून पहिला अनोळखी आवाज आला की लगेच येते. माझ्यावर ती १९८४ सालच्या होळीला आली.

गाडी म्हणजे १९६५ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ही गाडी १९६१ पासून १९७१ पर्यंत काढली. मूळ घराणं इंग्लंडातल्या ट्रायम्फचं आणि अंगकाठी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन गृहस्थानं बेतलेली. हिचीच चासी जरा आखूड करून तिकडे १९६२ साली स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार निघाली. हे मला एका मासिकातून कळलं आणि त्या दिवसापासून मी जळगावात 'आमची स्पोर्ट्स कार' म्हणू लागलो. चुलतभाऊ कलेक्टर झाला की माणूस स्वतःही जरा सावकाश चालू लागतो, तसं माझं झालं.

तर या स्पोर्ट्स कारमधून दोन आवाज येऊ लागले. एक किर्र आणि एक खर्र. किर्र क्लचच्या बाजूनं यायचा, खर्र ब्रेकच्या. आवाज आला की निदान करणाऱ्यांना तोटा नसतो. शेजारचे पोस्टमास्तर म्हणाले, पंख्याचा पट्टा. समोरचे केळीचे व्यापारी म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ. आमचे वकील मेव्हणे म्हणाले, जुनी गाडी म्हणजे आवाज यायचाच, नाही आला तर काळजी करा. प्रत्येक जण डोळे मिटून, मान कलती करून, मैफलीत बसल्यासारखा ऐकायचा आणि समेवर आल्यासारखी मान हलवायचा.

शेवटी गाडी उस्तादांकडे नेली. गॅरेजच्या दारात पोचताच दोन्ही आवाज गप्प. डॉक्टरांसमोर पोराचा ताप उतरतो, तसंच हे. मग मीच ते आवाज तोंडानं काढून दाखवले. किर्र बरा जमला. खर्र काढताना खोकला आला. गॅरेजमधली पोरं हातातले पाने ठेवून बघायला आली.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "साहेब, आवाज कसा येतो ते ऱ्हाऊ द्या. कधी येतो ते सांगा."

"म्हणजे?"

"क्लच दाबल्यावर का सोडल्यावर?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि क्लच दाबल्यावर किर्र येतो, तर दोष रिलीज बेअरिंगचा. कारण पाय दाबला की ते फिरत्या क्लचला जाऊन टेकतं, एरवी ते मोकळं असतं. उलट पाय सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर दोष गिअरबॉक्सच्या आतला. कारण पाय दाबला की आतला पुढचा शाफ्ट फिरायचा थांबतो. ब्रेकचंही तसंच. नुसता किंचाळला तर धूळ असेल, लायनिंग गुळगुळीत झालं असेल. पण खरवडला तर लायनिंग संपलं समजा. मग ज्या रिव्हेटांनी ते शूवर ठोकलेलं असतं, त्या रिव्हेटा ड्रमवर घासतात. लोखंडाला लोखंड थांबवत नाही, नुसतं कापतं.

"तुमच्या क्लचचं दाबल्यावरचं दिसतं," उस्ताद म्हणाले. "सीटं काढू, मधलं कव्हर काढू, गिअरबॉक्स आतूनच उचलून घेऊ. चार दिवस लागतील. ब्रेकचा ड्रम मात्र आत्ता काढून दाखवतो. दहा मिनिटांचं काम."

आणि मी म्हणालो, "नको, नंतर बघू."

वाचकहो, या 'नको'वरच हा सगळा निबंध आहे. दहा मिनिटं माझ्याकडे होती. पैशांचाही प्रश्न नव्हता, ड्रम नुसता उघडून बघायला उस्ताद काही घेणार नव्हते. पण गाडी विकायची हे मनात पक्कं झालेलं होतं. ड्रम उघडला असता तर मला कळलं असतं. कळलं असतं तर घेणाऱ्याला सांगावं लागलं असतं. न उघडता मात्र मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत होतो की मला यातलं काही कळत नाही. अज्ञानात सुख असतं हे ऐकून होतो. त्यात हजारभर रुपयांची बचतही असते, हे नव्यानं कळलं.

मे महिन्यात धुळ्याहून एक तरुण प्राध्यापक गाडी बघायला आले. तोवर गाडीला बोलू न देण्यात मी तरबेज झालो होतो. थांबताना आधीच न्यूट्रल करायचं, क्लचवर पाय ठेवायचा नाही, म्हणजे किर्र नाही. लांबूनच वेग कमी करायचा, ब्रेक जोरात मारायचा नाही, म्हणजे खर्र नाही. टॉवर चौकातली गर्दी टाळून मी त्यांना सकाळी सहाला मेहरूण तलावाच्या रस्त्यानं फिरवून आणलं. गाडी लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी खाली मान घालून गेली आणि आली.

घरी पोहे झाले. प्राध्यापकांनी हिला 'काकू' म्हटलं. बायको पहिलटकरीण आहे, माहेर कन्नडचं, बाळंतपणाला तिकडेच न्यायची आहे, असं सांगितलं. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "काका, मला गाडीतलं काही कळत नाही. काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं. तेव्हा मी बिनघोर घेतो."

मी पोह्यातली मिरची बाजूला काढत राहिलो. सौदा तेरा हजारांवर ठरला.

संध्याकाळी मेव्हण्यांना विचारलं. ते खुश झाले. म्हणाले, "१८७२ सालचा करार कायदा, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. कायद्यात उदाहरणच दिलंय. एकानं दुखणाईत घोडा लिलावात विकला आणि दोष माहीत असून सांगितला नाही, तर ती फसवणूक नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना आणखी एक लाडू वाढला. पण वकिलाला लाडू वाढला की तो पुढचंही वाचतो. म्हणाले, "अपवाद आहेत हं. घेणारी स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, की तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन, आणि तुम्ही गप्प बसलात, तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच."

"काकू म्हटल्यानं नातं लागतं का?"

"कायद्यानं नाही."

"आणि ते मिरचीच्या वेळी जे म्हणाले ते?"

मेव्हणे लाडू खात राहिले. वकील गप्प बसला की ते मात्र हमखास बोलणंच असतं.

रात्री ही अंधारात म्हणाली, "घोड्याचं राहू द्या. कन्नडच्या वाटेवर चाळीसगाव सोडलं की घाट लागतो, एवढं मला कळतं."

रविवारी मी गाडी पोचवायला एकटाच निघालो. गिरणेचा पूल, पाळधी, एरंडोल. एरंडोलच्या अलीकडे एक बैलगाडी अचानक आडवी आली आणि मी आयुष्यात मारला नव्हता इतक्या जोरात ब्रेक मारला. खर्र! गाडी थांबली, पण मला वाटलं होतं त्याच्या बरीच पुढे. बैलानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कलम १७ माहीत नसावं.

पुढे पारोळ्यावरून धुळे येईपर्यंत मी एकच विचार करत होतो. १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. आणि आपणही नेमके रविवारीच, खरवडणारे ब्रेक घेऊन त्या गावात शिरतो आहोत.

प्राध्यापकांनी नोटा मोजायला काढल्या तेव्हा मी म्हणालो, "आधी गॅरेजमध्ये जाऊ."

ड्रम उघडायला खरोखरच दहा मिनिटं लागली. एका शूवरचं लायनिंग पार संपलं होतं. रिव्हेटांनी ड्रमला आतून गोल चरे पाडले होते, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. मी सगळं सांगितलं, क्लचचंही. गाडीला बोलू न देण्याची युक्ती तेवढी राखून ठेवली होती, मग तीही सांगितली.

मला वाटलं होतं, माझ्या प्रामाणिकपणानं ते गहिवरतील. ते ड्रमकडे बघत होते. मग त्यांनी उस्तादांचाच प्रश्न विचारला, "काका, हा आवाज कधीपासून येतोय?"

"होळीपासून," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि विचारलं, "अजून काही?"

एक दोष सांगितला की माणूस खरा ठरत नाही, संशयित ठरतो. हा सत्याचा भाव आहे, आणि तो रोखीनं द्यावा लागतो. मी डाव्या दाराचं कुलूप सांगितलं, हॉर्न सांगितला, पावसात टपातून गळतं तेही सांगितलं. कागद भरला. अकराशे रुपये कमी झाले. कामं झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे मात्र मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

तेव्हापासून एक गोष्ट मला पटली आहे. 'मला माहीत नव्हतं' असं कुणी म्हटलं की ते खरं की खोटं हे विचारण्यात अर्थ नाही. ड्रम उघडायला कुणी तयार होतं का, आणि तुम्ही त्याला 'नको' म्हणालात का, एवढंच विचारावं. जे कळू नये म्हणून आपण धडपडतो, ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. त्याशिवाय का कोणी पहाटे मेहरूण तलावावर जातो?

घरी आलो तर ही जागीच होती. "किती सोडले?"

"अकराशे."

"बरं झालं. झोपा आता."

त्या रात्री मला होळीनंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली. सकाळी ही म्हणाली, "रात्रभर केवढे घोरत होतात! इतके दिवस आवाज नव्हता."

मी उस्तादांचं सूत्र लावून पाहिलं. गोष्ट दाबून ठेवली होती तोवर आवाज नाही. सोडून दिल्यावर सुरू झाला. म्हणजे दोष आतल्या गिअरबॉक्सचा. तो उघडून बघायला मात्र मी आजवर कुणाला दिलेला नाही.