सुगंधाची मात्रा

पंचेंद्रियांच्या दरबारात घ्राणेंद्रियाचे आसन नेहमी शेवटच्या रांगेत मांडलेले दिसते. दृष्टीला चित्रकार मिळाले, श्रवणाला गवई मिळाले, जिव्हेलाही बल्लवाचार्यांचा आश्रय लाभला. नाकाचा कैवार घेणारा तत्त्वज्ञ मात्र क्वचितच आढळतो. आपल्याकडील नैयायिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण ठरवला खरा, परंतु तो विचार पदार्थांचा होता, आचाराचा नव्हे. आचाराच्या अंगाने ह्या विषयाला हात घालणाऱ्या थोडक्यांपैकी एक म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ कांट, आणि त्याचा निकाल सुगंधाच्या विरुद्ध आहे. 1790 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सौंदर्यविषयक ग्रंथात त्याने शेजाऱ्यांच्या कानांवर आदळणाऱ्या संगीताची तुलना, भर मंडळीत खिशातून सुगंधी रुमाल काढणाऱ्या गृहस्थाशी केली आहे. दोघेही दुसऱ्यास त्याची संमती न विचारता आपल्या सुखात ओढतात. नावडते चित्र दिसले तर डोळे मिटता येतात. श्वास मात्र घ्यावाच लागतो. तेव्हा अत्तर लावून चारचौघांत जाणे हा दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे काय?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आपल्या सुखाचा दरवळ दुसऱ्याच्या श्वासात किती शिरू द्यावा, हा सर्व सामाजिक नीतीचाच प्रश्न आहे. अत्तराच्या निमित्ताने तो नाकाशी येतो, एवढेच. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर फुलांच्या सुगंधापाशी न जाता राळ, ऊद, गुग्गुळ ह्यांच्या उबदार सुगंधापाशी जावे असे मला वाटते. कारण फूल आपला गंध होऊन वाऱ्यावर देते; राळेचा गंध झाडाच्या जखमेतून येतो.

झाडाच्या सालीला घाव बसला की तो भरून काढण्यासाठी झाड जो चीक बाहेर टाकते, तोच वाळून आपल्या हाती येतो. त्यातही भेद आहे. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो आणि त्यास म्हणण्यासारखा वास नसतो. राळ पाण्यास दाद देत नाही, ती तेलात किंवा मद्यार्कात विरघळते. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या टेकड्यांवरील सालईच्या चिकात दोहोंचा अंश असतो. आपण देवापुढे ज्यास ऊद म्हणतो तो बहुधा सुमात्रा-जावाकडील झाडांचा चीक असतो. अरब व्यापाऱ्यांनी त्यास ‘जावी लोबान’ म्हटले, आणि त्याच शब्दाचा अपभ्रंश होत होत रसायनशास्त्रातील ‘बेंझीन’ हे नाव जन्मास आले. स्वतः अरब मात्र ‘ऊद’ म्हणतात तो अगरूस. ते झाड निरोगी असता त्याच्या लाकडास सुगंध नसतो; जखमेतून बुरशी शिरली म्हणजे झाड जी काळी राळ साठवते, तिलाच राजेरजवाड्यांनी सोन्याच्या मोलाने विकत घेतले.

हा सुगंध अंगावर कसा वागतो हे पाहण्याजोगे आहे. ऊद, गुग्गुळ आणि चंदन ह्यांच्या बैठकीवर केलेल्या अत्तराचा एक थेंब मनगटावर घ्यावा. पहिली काही मिनिटे तो थोडा तिखट वाटतो. लिंबाची साल मोडावी किंवा टर्पेंटाइनची बाटली क्षणभर उघडावी तसा. जो घाईने निवाडा करतो तो इथेच नाक मुरडून उठतो. पाव तासाने ती धार बोथट होते आणि आतून ऊब वर येऊ लागते: करपण्याच्या काठावर उतरवलेला गुळाचा पाक, जुन्या चंदनी पेटीचा तळ, तुळशीपुढे विझत आलेली धुपाटी. आणखी काही तासांनी अत्तराचे अत्तरपण सरते. उरतो तो त्वचेचाच एक सौम्य, किंचित गोड वास, आणि त्यात माणूस कुठे संपला व राळ कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. ह्याचे कारण साधे आहे. हलके कण आधी उडून जातात, राळेचे जड कण अंगाच्या उबेने सावकाश सुटतात. त्वचा कोरडी असेल तर सुगंध लवकर आटतो, स्निग्ध असेल तर रेंगाळतो. म्हणून एकाच कुपीतील अत्तर दोघांच्या अंगावर सारखे राहत नाही. अत्तर करणारा ते अर्धेच करतो. उरलेले काम लावणाऱ्याचे शरीर करते.

असा सुगंध पुरुषाचा की स्त्रीचा, हा प्रश्न दुकानांतील कपाटांनी निर्माण केला आहे. पॅरिसच्या गेर्लँ पेढीने 1889 मध्ये काढलेले ‘जिकी’ स्त्रिया आणि पुरुष दोघेही लावत आले. आपल्याकडे तर हा भेद फारसा नव्हताच. हळदीकुंकवाला स्त्रियांच्या हातांवर जे अत्तर फिरे, तेच सभेच्या अखेरीस पानसुपारीबरोबर पुरुषांच्या हातांवर फिरे; हिन्याचा फाया आजोबांच्या कानात असे आणि त्याच कुपीतला थेंब आजीच्या शालूच्या घडीत. त्याहूनही मागे जावे तर मराठी घरातील अर्भकाच्या अंगास लागणारा पहिला सुगंध न्हाऊ घातल्यानंतरच्या धुरीचा, म्हणजे ऊद, ओवा आणि वावडिंग ह्यांचा. आजच्या वैद्यकास तान्ह्या मुलाजवळचा तो धूर मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. पण ती धुरी देताना मुलगा की मुलगी हे कोणी विचारले नव्हते.

ह्या विद्येस आपल्या प्रांतात परंपराही आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लासा’त विलेपन आणि धूप ह्यांना राजोपभोगांत स्थान दिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि एक निनावी ‘गंधवाद’ विद्वानांच्या नजरेस आणले. ह्या ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे, आणि दोन्ही ग्रंथ 1989 मध्ये बडोद्याहून छापून निघाले. सुगंधाची कृती मराठीत समजावून सांगावी असे त्या जुन्या टीकाकारास वाटले, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. अशा ग्रंथांचा सारा भर प्रमाणावर असतो: कोणते द्रव्य किती भाग, कशाबरोबर, कोणत्या क्रमाने. द्रव्ये थोडी, मिश्रणे असंख्य. आणि प्रमाण चुकले की सुगंधाची दुर्गंधी होते.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या थंडीत आम्ही काही अध्यापक आणि विद्यार्थी मुरबाडहून सिद्धगडास गेलो होतो. 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ह्यांना जेथे वीरमरण आले, ते हे अरण्य. जीपमध्ये एका उत्साही विद्यार्थ्याने कपड्यांवर इतका सेंट फवारला होता की काचा उघडूनही डोके जड झाले. त्या वेळी कांटचे म्हणणे मला अक्षरशः पटले. माचीवर नारमातेच्या देवळात कोणी आधीच ऊद घालून गेले होते. त्याचा गंध दारापाशीच थांबला होता. आत जाणाऱ्यास मिळे, बाहेरून जाणाऱ्याच्या वाटेस जात नसे. उतरताना एका निसरड्या जागी आमच्या सोबतच्या एका वयस्क बाईंनी मला हात दिला, आणि त्यांच्या शालीतून तसाच राळेचा मंद, उबदार वास आला. सकाळपासून त्या आमच्याबरोबर होत्या. पण तो सुगंध त्यांनी हात पुढे केला तेव्हाच कळला. अत्तर दोघांनीही लावले होते. एकाने ते आमच्यावर लादले होते, दुसरीने ते स्वतःपाशी ठेवले होते.

कांटला उत्तर आहे ते इथे. सुगंध दुसऱ्याच्या श्वासात शिरतो हे खरे. पण किती शिरावा हे लावणाऱ्याच्या हाती आहे. हातभर अंतरापलीकडे जो जात नाही, तो कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला घालीत नाही. जवळ येणाऱ्याचे तो स्वागत करतो. आणि जवळ येणे हे संमतीवाचून घडत नाही, निदान घडू नये. गर्दीच्या आगगाडीत किंवा रुग्णाच्या खोलीत जवळीक संमतीची नसते. तेथे अत्तर न लावणे हीच योग्य मात्रा.

परंतु मात्रेचा प्रश्न मनगटापाशी संपत नाही, तो झाडापर्यंत जातो. त्याच उतारावर कांडोळाच्या एका पांढऱ्या खोडावर डिंकासाठी घातलेले जुने घाव दिसले. काही भरून आले होते. जेथे एकावर एक घातले होते तेथे साल परतली नव्हती. गुग्गुळाची तीच कथा आहे. अधिक चीक मिळावा म्हणून खोल घाव घातले की झुडूप वाळते, आणि राजस्थान-गुजरातेत त्याची अवस्था अशी झाली की 2015 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वनस्पतींत करावी लागली. इथिओपिया, एरिट्रिया आणि सुदान येथील धूपवृक्षांविषयी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की जुनी झाडे मरत आहेत, गुरे आणि वणवे ह्यांमुळे नवी उभी राहत नाहीत, आणि वीस वर्षांत उत्पन्न निम्म्यावर येईल.

कोणी म्हणेल, मग हा विलास सोडूनच द्यावा. हा वैराग्याचा मार्ग सोपा आहे, पण मला तो न्याय्य वाटत नाही. बेताने घेतलेला घाव झाड भरून काढते, आणि त्या चिकावर रानातील अनेक कुटुंबांची चूल पेटते. सुगंध सोडून दिल्याने जखम भरत नाही. हाव सोडल्याने भरते. शिवाय माणसाने माणसास सुगंधित होऊन भेटावे ह्यात आदर आहे. घरी पाहुणा आला असता हातास अत्तर लावणारे आपले पूर्वज केवळ विलासी होते असे मला म्हणवत नाही.

शेजाऱ्याचा श्वास आणि रानातील साल ह्यांच्यावर आपला हक्क समान आहे, म्हणजे दोहोंवर तो थोडाच आहे. ज्याला एक थेंब पुरतो त्याच्यासाठी झाडावर दुसरा घाव पडत नाही, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यास खिडकीही उघडावी लागत नाही. राळेचा सुगंध तर एका थेंबातच दिवसभर पुरतो. अधिक लावणाऱ्यास तो अधिक काही देत नाही.