उणे आणि हवे

इंग्रजीतील 'वाँट' शब्दाचा अर्थ 'पाहिजे असणे' असा आमच्या मुलांस शाळेत शिकवितात, व तो चुकीचा नाही. परंतु तीच मुले १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रात तेविसावे स्तोत्र वाचू लागली म्हणजे घोटाळ्यात पडतात. मेंढपाळ लाभल्यावर मेंढराने कशाचीच इच्छा करू नये, असे का स्तोत्रकर्ता म्हणतो? तसे नव्हे. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ 'उणे असणे' एवढाच. इच्छेचा अर्थ पुढे अठराव्या शतकात रूढ झाला. आपल्या मराठी शास्त्रातील 'उणे' हा शब्दच मूळ इब्रीस धरून आहे. बेलशस्सर राजा तराजूत उणा भरला, तेथेही इंग्रजीत हाच शब्द आहे. आणि त्या राजास हवे ते सारे तर ताटात होते!

शेजाऱ्यासारखी खिल्लारी जोडी आपल्या दारी असावी, हे हवे. कणगीत दाणा नाही, हे उणे. उपाशी मजुराने मजुरी मागितली असता त्यास लोभाविषयी उपदेश करणारे बंधू मी ऐकले आहेत. उधळा पुत्र परत आला, तेव्हा त्याच्या बापाने प्रथम वस्त्र, जोडे व जेवण मागविले. उपदेश केल्याचे लूकाने लिहिलेले नाही.