कडेची झीज

माणसाच्या वापरातली वस्तू मधून फारशी झिजत नाही. ती झिजते कडेने. सदरा विरतो तो कॉलरीशी आणि बाहीच्या टोकाशी. पोथीची पाने तुटतात ती कोपऱ्यांत. सतरंजी उसवते ती किनारीपासून. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे अजून दहा वर्षे चालतील असे असतात, पण त्यांच्यावर चढवलेली लोखंडी धाव ढिली होते आणि चाक वाजू लागते. यात नवल काहीच नाही. जगाशी गाठ पडते ती कडेची. मध्यभाग आपला सुखरूप असतो. मात्र ही झिजलेली कड बदलायला बसले की एक जुनाच प्रश्न पुढे येऊन उभा राहतो. कड बदललेली वस्तू तीच राहिली का? आणि नसेल राहिली, तर ती दुरुस्त करणाऱ्याने नेमके काय केले?

हा प्रश्न मला अलीकडे फार ठळकपणे दिसतो तो जुन्या स्पीकरांच्या दुरुस्तीत. नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, मोबाईलच्या झगमगत्या दुकानांच्या गर्दीत एखादा रेडिओ-स्पीकरचा कारागीर अजून सापडतो. त्याच्याकडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे स्पीकर येतात. बाकी सगळे ठाकठीक असते. गेलेली असते ती कड.

ही कड म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. स्पीकरच्या मधोमध कागदाचा एक शंकू असतो. कारागीर त्याला कोन म्हणतात. त्याच्या निमुळत्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या एका अरुंद फटीत तरंगत असते. तारेतून गाण्याची वीज वाहिली की वेटोळे पुढेमागे हलते, त्याच्याबरोबर शंकू हलतो, शंकूबरोबर हवा हलते आणि आपल्याला गाणे ऐकू येते. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली ही रचना जगापुढे मांडली, आणि आज शंभर वर्षे होऊन गेली तरी मूळ कल्पना तीच आहे. आता हा शंकू लोखंडी सांगाड्याला कुठेतरी बांधला तर पाहिजे; आणि घट्ट बांधला तर तो हलणार कसा? म्हणून त्याच्या रुंद तोंडाभोवती एक लवचीक कडे बसवतात. ते शंकूला धरूनही ठेवते आणि हलूही देते. पुढे गेलेल्याला मागे आणते, मागे गेलेल्याला पुढे सोडते. शंकूच्या काठापर्यंत आलेली जादा थरथर ते आपल्या अंगात जिरवून टाकते.

आपल्याकडच्या जुन्या रेडिओंना हे रबर नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने हैदराबाद रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली, ती मराठवाड्यातल्या ज्या थोड्या घरांनी ऐकली असेल, त्यांच्या रेडिओतल्या शंकूचा कागदच कडेला चुण्या घालून लवचीक केलेला असे. पुढे १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर याने बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवणारा स्पीकर काढला. शंकूला सावरायचे पुष्कळसे काम हवा करू लागली, तेव्हा कड जितकी मऊ तितकी बरी, असे झाले. मग कापडाच्या, रबराच्या, फोमच्या कडा आल्या. आवाज खोल झाला, भरदार झाला. पण कागदाइतकी चिवट अशी ती कड उरली नाही. फोम दमट हवेने आतून कुजतो आणि बोट लावताच त्याचा भुगा होतो. रबर त्या मानाने टिकाऊ. परंतु हवेतला ओझोन, ऊन आणि वर्षे मिळून तेही कडक करतात, आणि मग त्याला बारीक भेगा पडतात. वैशाखात भाजून काढणारी आणि श्रावणात भिंतींना ओल आणणारी आमची हवा या कामी काही हात आखडता घेत नाही.

दुरुस्ती ऐकायला सोपी वाटते. जुने रबर सोडवायचे, वाळलेला गोंद हलक्या हाताने खरवडायचा, नवे कडे चिकटवायचे. खरी परीक्षा मधल्या फटीत असते. ती फट मिलिमीटरच्या अंशाइतकी. कडे चिकटवताना शंकू केसभर जरी एका अंगाला सरकला, तरी कॉइल लोखंडाला घासते आणि सगळ्या गाण्यात खरखर येते. म्हणून जाणता कारागीर मधली टोपी उचलून फटीत चहूबाजूंनी पातळ पट्ट्या सरकवतो, कॉइल बरोबर मध्यावर आणतो, मग कडे चिकटवतो आणि गोंद पुरता वाळेपर्यंत त्याला हात लावत नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो.

येथवर हा केवळ कसबाचा विषय झाला. नीतीचा विषय येतो तो यानंतर.

समजा, लातूरच्या एका गृहस्थाने १९७५ साली हौसेने स्पीकरची जोडी घेतली. घरात रोज संध्याकाळी गाणे वाजू लागले. पुढे गृहस्थ गेले, स्पीकर माळ्यावर गेले, आणि आज त्यांचा साठीला आलेला मुलगा ते खाली काढून कारागिराकडे नेतो. त्याची मागणी एकच असते : "वडलांच्या वेळी वाजायचे तसे वाजले पाहिजेत."

मागणी साधी दिसते, पण तिच्यात मोठी गोम आहे. कड ही काही चित्राची चौकट नव्हे. ती आवाजातच असते. ती ताठ असेल तर शंकू खालच्या स्वरांना पुरेसा हलत नाही आणि आवाज वर चढतो; मऊ असेल तर तो खाली उतरतो. म्हणजे रबर जसजसे वाळत गेले, तसतसा त्या घरातला आवाज दरवर्षी थोडाथोडा पातळ होत गेला असणार. इतक्या सावकाश की कोणाच्या लक्षातही आले नसेल. वडलांनी दुकानात पसंत केलेला आवाज एक. मुलाच्या कानात बसलेला, त्याच्या आठवणीतला आवाज दुसरा. आणि तो निम्मा झिजेचा आवाज आहे! कारागिराने मूळच्यासारखी मऊ कड बसवली, तर वडलांचा स्पीकर परत येईल आणि मुलाची संध्याकाळ जाईल. मुद्दाम ताठ कड बसवली, तर आठवण राखली जाईल, पण ज्याने तो स्पीकर बनवला त्याच्या कामाशी प्रतारणा होईल. मग खरेपणा कोणाशी राखायचा? बनवणाऱ्याशी, विकत घेणाऱ्याशी, की ऐकणाऱ्याशी?

काही शौकीन यावर म्हणतात की हातच लावू नका. जुने ते जुने. कड बदलली की वस्तू बाटली. मला हे मत पटत नाही. भेगाळलेल्या रबराचा मुका स्पीकर 'अस्सल' म्हणून कपाटात ठेवणे म्हणजे त्याचा सन्मान करणे असे मुळीच नव्हे. वाजणे हा ज्याचा धर्म, त्याचे अस्सलपण वाजण्यातच असायला हवे. आपल्याकडे भजनाच्या पखवाजाची पुडी फाटते, वाद्या बदलतात, शाई नव्याने भरतात; तरी तो आजोबांचा पखवाजच राहतो. नवी धाव चढवली म्हणून गाडी परकी झाली, असे कोणता शेतकरी म्हणाला आहे? आमच्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर वादविवाद न करता, वापरातून, केव्हाच देऊन ठेवले आहे.

पण म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला रान मोकळे मिळाले असेही होत नाही. त्याच्यावर बंधन आहे, आणि त्याचा सर्वांत थोर दाखला याच गोदावरीच्या काठी, नांदेडच्या वरच्या अंगाला, पैठणला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात पाठ बिघडले, परक्या ओळी शिरल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी जुन्या प्रती ताडून ती शुद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवी! एखादी ओवी सुधारून घालण्याचा मोह आणि अधिकार दोन्ही त्यांच्यापाशी होते. पण त्यांनी कुजलेले तेवढे काढले, स्वतःचे काही घातले नाही, आणि पुढच्यांनाही तशीच ताकीद देऊन ठेवली. दुरुस्तीचा संपूर्ण नीतिनियम मला त्यात दिसतो. जे गेले आहे तेवढेच काढावे. जे घालायचे ते मूळच्या हेतूला धरून घालावे. मध्य ढळू देऊ नये. आणि काय केले ते लपवू नये.

हा शेवटचा नियम बाजारात फार महत्त्वाचा आहे. जुन्या वस्तूंना अलीकडे किंमत आली आहे, आणि नवी कड बसवलेला स्पीकर 'जसा होता तसा' म्हणून विकणारेही आहेत. कड बदलण्यात पाप नाही. बदलली हे न सांगण्यात आहे. आमच्या त्या लातूरच्या मुलालाही कारागिराने इतकेच सांगावे : "ही कड मूळच्यासारखी आहे. आवाज तुमच्या आठवणीपेक्षा खोल लागेल. तुमच्या वडलांनी पहिल्या दिवशी ऐकला असेल त्याच्या जवळचा." मग निवड मुलाची. मला विचाराल तर त्याने तो खोल आवाज घ्यावा. आपण जन्मण्याआधी किंवा आपल्याला कळू लागण्याआधी वडील काय ऐकून हरखले होते, हे कळणे, आपलीच आठवण पुन्हा ऐकण्यापेक्षा मोठे आहे.

तरीही दुरुस्तीला एक सीमा आहे, आणि ती लातूर-नांदेडकडच्या माणसाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. ती मेली बहुतांशी आपल्याच घरांखाली : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांशी सांधलेले नव्हते; हादरा बसताच दोन्ही अंगे फाकली आणि माळवद खाली आले. त्यानंतर दोन वाटांनी काम झाले. पार उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे दुसऱ्या जागी वसवण्यात आली. ज्या घरांना कमी इजा झाली होती, ती आहे त्याच जागी बळकट करण्याचा मार्ग होता : भिंतीत आरपार दगड घालून दोन अंगे सांधायची, आणि भिंतींवरून सलग पट्टा फिरवून चारी बाजू एकत्र बांधायच्या.

पट्टा म्हणजे पुन्हा कडेच. शंकूभोवतीचे कडे त्याला हलू देते, घराभोवतीचा पट्टा त्याला फुटू देत नाही. पण दोघांचाही हेतू आतले वाचावे हाच. जिथे एका कड्याने भागते तिथे घर मोडणे हा उतावळेपणा. जिथे कड्याने भागत नाही, तिथे "आजोबांची भिंत" म्हणून तिच्याखाली नातवंडांना निजवणे हा गुन्हा. जुन्यावरचे प्रेम कोणाच्या जिवावर बेतते आहे का, हा प्रश्न आधी. तीच वस्तू राहिली की नाही, हा नंतरचा. बावन्न गावांनी आपली जागा सोडली, पण नावे सोडली नाहीत. गाव कशात असते याचे तेही एक उत्तरच आहे, जरी ते देणाऱ्यांना त्याची किंमत फार पडली.

दिवाळीच्या आधी आपण घरे झाडतो, माळे उपसतो, आणि दाराशी भंगारवाल्याचा काटा येऊन टेकतो. त्या वेळी एवढे पाहावे. वस्तू हातात घ्यावी आणि आधी कड तपासावी. शंकू फाटला आहे, कॉइल जळली आहे, चुंबक मेले आहे, तर निरोप द्यावा. त्यात अपमान नाही. पण गेली असेल ती फक्त कड, तर ती फेकण्याइतके श्रीमंत आपण अजून झालेलो नाही.

आणि सणाला सगळे एकत्र जमलेले असताना हेही मनात येते की माणसेही बहुधा कडेनेच कडक होतात. घरातला एखादा म्हातारा तिरसट बोलतो, जरा हादरला की खरखरतो, आणि आपण म्हणतो, यांचे आता संपले. कित्येकदा आतला शंकू जसाच्या तसा असतो. वाळलेले असते ते वर्षानुवर्षे जगाशी घासत आलेले काठाचे रबर. त्याला मऊ करायला वेळ द्यावा लागतो, मध्य धरून बसावे लागते, आणि गोंद वाळेपर्यंत घाई करून चालत नाही.