साठलेला भार

हिवाळ्याच्या कोरड्या रात्री लोकरीची घोंगडी अंगावरून ओढताना तडतडते व अंधारात ठिणग्या चमकतात, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. घर्षणाने एका वस्तूवरील ऋणविद्युत्कण दुसरीवर जातात आणि वाट न मिळाल्यास तेथेच साठून राहतात. आपणांस जेमतेम जाणवणारी ठिणगीही पेट्रोलची वाफ पेटविण्यास पुरते. म्हणून पेट्रोलचा टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने भूमीशी जोडतात. मग भार निमूटपणे मातीत उतरतो.

भावाभावांतील रागही दररोजच्या लहानसहान घर्षणाने असाच नकळत साठतो. पौलाने इफिसकरांस सूर्यास्तापूर्वी राग सोडण्यास सांगितले, ते याचसाठी. तर ठिणगी पडण्याची वाट आपण का पाहावी? आज सायंकाळीच त्या भावाच्या दारी जाऊ या.