मुलाखत आणि फलाशा

नोकरीसाठीच्या मुलाखतीची तयारी फळासाठीच केली जाते. मग निष्काम कर्माचा उपदेश विद्यार्थ्याला लागू पडतो का? गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक फळावरचा अधिकार नाकारतो, पण कर्म सोडण्यासही मनाई करतो. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्याला कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले. विषयाची उजळणी, बायोडेटातील खरेपणा, सराव हे उमेदवाराच्या हाती असते. रिक्त जागा, इतरांची गुणवत्ता, निवड समितीचा कल हे नसते. गीतेचा अठरावा अध्याय कार्यसिद्धीची पाच कारणे सांगतो. कर्ता त्यांतील एकच. म्हणून नकार म्हणजे माणसाच्या योग्यतेचा निवाडा नव्हे. नोकरीची इच्छा गैर नाही. निकालावरून स्वतःचे मोल ठरवणे गैर. ही आसक्ती सुटली की भीती ओसरते आणि तयारीत मन लागते.